आयसीयूतला ‘स्लीप स्कोअर’ आणि झोपेचं इंजेक्शन मागायला लावणारा मेसेज

काका आयसीयूत आहेत आणि काकू मला फोनवर विचारते, “अरे, त्यांच्या मनगटाला तुझं ते घड्याळ बांधू का?” कुठून आलं हे खूळ? व्हॉट्सअ‍ॅपवरून, अर्थात. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: आयसीयूतला रुग्ण डोळे मिटून निपचित पडला असेल तर त्याला छान झोप लागली आहे. खात्रीसाठी स्मार्टवॉचचा स्कोअर बघा. स्कोअर कमी आला तर डॉक्टरांच्या मागे लागून झोपेचं इंजेक्शन घ्यायला लावा. आणि झोपमोड होते ती फक्त मशिनच्या आवाजाने.

घड्याळाचं आधी उरकतो. ते मनगटाची हालचाल आणि नाडी बघून झोपेचा अंदाज बांधतं आणि हा हिशेब धडधाकट माणसांवर बेतलेला असतो. आयसीयूतल्या माणसाच्या हातात त्राण नसतं, गुंगीची औषधं चालू असतात, कधी सलाइन उपटू नये म्हणून हातच बांधलेले असतात. तो रात्रभर टक्क जागा राहून छताकडे बघत पडला तरी घड्याळाच्या लेखी गाढ झोपेत. नाडीचंही तेच: ताप आणि रक्तदाबाची औषधं तिला हवं तसं नाचवतात. खाटेशेजारच्या मॉनिटरवरही झोपेचा आकडा नसतो, तो शोधू नका. झोप नीट मोजायची तर डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूचा आलेख काढावा लागतो, सोबत डोळ्यांची आणि हनुवटीच्या स्नायूंची नोंद. आणि गंमत म्हणजे अत्यवस्थ रुग्णांत तिथेही पंचाईत होते. ज्या खुणांवरून झोपेचे टप्पे ओळखायचे त्याच काहींच्या आलेखातून गायब असतात, तर काही जण जागे असताना आलेख झोपेसारखा संथ दिसतो. तज्ज्ञ तिथे अडखळतात, आणि हा मेसेजवाला घड्याळात बघून निकाल देतो!

आता इंजेक्शन. हा खरा घातक मुद्दा. औषधाने आणलेली गुंगी ही झोप नव्हे. नैसर्गिक झोपेत मेंदू हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नांची झोप अशा फेऱ्या मारत असतो. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाच्या जातीची औषधं गाढ आणि स्वप्नांच्या, दोन्ही झोपांना कात्री लावतात. वर डिलिरियमचा धोका वाढवतात, म्हणजे रुग्ण भ्रमिष्टासारखा बरळतो, नळ्या ओढतो किंवा अगदी गप्प होऊन शून्यात बघत बसतो. अमेरिकेच्या सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनने २०१८ साली आयसीयूतल्या वेदना, गुंगी, डिलिरियम आणि झोप यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. झोप सुधारण्यासाठी प्रोपोफॉल (हेही गुंगीचंच औषध) वापरू नका, असं त्यात सुचवलं आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला ही औषधं लागतात, नाही असं नाही. पण ती त्याला नळी सोसावी म्हणून, आणि किती द्यायची ते डॉक्टर ठरवतात. नातेवाइकांनी “झोपवा हो त्यांना” म्हणून तगादा लावला की होतं काय, तर रुग्ण शांत दिसतो, घरचे निश्चिंत होतात आणि त्याची झोप मात्र तशीच अपुरी राहते.

याच सूचनांत झोप मोजण्याबद्दलही आहे: यंत्रं सरसकट लावू नका, रुग्णाला विचारा. त्यासाठी रिचर्ड्स-कॅम्पबेल नावाची प्रश्नावली आहे. झोप किती गाढ होती, लागायला किती वेळ गेला, किती वेळा मोडली, मोडल्यावर पुन्हा लागली का, एकूण कशी झाली, असे पाच प्रश्न. प्रत्येकाला शंभर मिलिमीटरची रेघ आणि रुग्णाने तिच्यावर खूण करायची. नर्सने त्याच्या वतीने भरली तर झोप बहुधा होती त्यापेक्षा चांगली नोंदली जाते. मिटलेल्या डोळ्यांना रात्रभर शेजारी असणारी नर्ससुद्धा फसते, तिथे काचेतून डोकावणाऱ्या आपलं काय! रुग्ण शुद्धीवर नसेल तर अर्थात ही रेघही बिनकामाची.

राहिला आवाज. ठीक आहे, हे अर्धं खरं आहे. अलार्म, बोलणी, फोन, सगळं चालू असतं. पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आवाज आणि झोप यांची एकत्र नोंद केली, तेव्हा एक पंचमांशाहूनही कमी वेळा जाग आवाजामुळे आल्याचं दिसलं. बाकी दुखणं, आजार, औषधं, मध्यरात्री रक्त घेणं, कूस बदलणं. शिवाय दिवसरात्रीचं भानच सुटतं, झोपेचा बराच हिस्सा दिवसा उरकला जातो. रात्री दिवे मंद, कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी हे उपाय त्या सूचनांतही आहेत, तेव्हा नर्सला विचारून जरूर करा. फक्त सकाळी ते काढून चष्मा आणि श्रवणयंत्र परत लावायला विसरू नका. तेवढ्यानेही रुग्ण भानावर राहायला मदत होते.