कुठला ‘आक्रोश’, ते आधी सांगा

‘दोन्ही नटांवरचेच सिनेमे आहेत ना, मग काय बिघडलं?’ दादाचं हे वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाहीये. गणपतीत परळच्या घरी सगळ्यांनी मिळून ‘नटसम्राट’ बघायचा ठरला होता आणि भाच्याने लावला ‘नटरंग’. मावशी बराच वेळ नाना पाटेकर कधी येतात याची वाट बघत बसली. घोटाळा लक्षात आला तरी कोणी उठून बदलला नाही. मी फोनवर चिडले, तर दादा म्हणाला, ‘अगं, तू तिकडे बसून एवढं कशाला मनाला लावून घेतेस?’ मग घरात दोन तट पडले. काहींचं म्हणणं, हल्लीच्या पोरांना मराठी सिनेमाच माहीत नाही. बाकीच्यांचं म्हणणं, नावात काय आहे, गोष्ट चांगली होती ना! मला पहिलं अर्धंच पटतं आणि दुसरं अजिबात पटत नाही.

‘नटरंग’ २०१०चा, रवी जाधवांचा, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. पैलवानी अंगाचा गुणा शेतावर राबतो, त्याला तमाशाचं वेड. फड उभा राहावा म्हणून तो स्वतः बायकी हावभाव करणारा नाच्या होतो आणि त्यापायी घरादाराच्या, गावाच्या नजरेतून उतरतो. अतुल कुलकर्णींनी त्यासाठी शरीर आधी कमावलं आणि मग उतरवलं. ‘नटसम्राट’ २०१६चा, महेश मांजरेकरांचा, शिरवाडकरांच्या १९७०च्या नाटकावरचा. गणपतराव बेलवलकर टाळ्या, मान, पैसा सगळं मिळवून निवृत्त होतात, जे आहे ते मुलांना वाटून टाकतात आणि म्हातारपणी रस्त्यावर येतात. बेलवलकरांचं सगळं जातं ते पडदा पडल्यावर. गुणाचं जातं ते तोंडाला रंग लावल्यामुळेच. एक शहरातल्या थिएटरचा राजा, दुसऱ्याला गावात कोणी पुरुष मानायला तयार नाही. याला ‘दोन्ही नटांवरचेच’ म्हणणं हा दोघांवरही अन्याय आहे.

मी राहते त्या इंग्लंडमध्ये नावाच्या बाबतीत लोक जपून असतात. २०१२ मध्ये मार्व्हलचा ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ जगभर आला, पण आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या थिएटरवर पाटी होती ‘मार्व्हल अ‍ॅव्हेंजर्स असेंबल’. कारण स्टीड आणि मिसेस पील या हेरांची त्याच नावाची साठच्या दशकातली ब्रिटिश मालिका. एवढा अब्जावधींचा सिनेमा, पण एका जुन्या टीव्ही मालिकेसाठी त्याने नाव बदललं. बीएफआयच्या, म्हणजे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या, महिन्याच्या पत्रकात प्रत्येक सिनेमापुढे देश, साल आणि दिग्दर्शक छापलेला असतोच. ‘क्रॅश’ नावाचे दोन सिनेमे इथेही लोकांना गोंधळात पाडतात, एक १९९६चा क्रोननबर्गचा, दुसरा २००४चा ऑस्कर मिळवणारा. पण पहिल्यावर लंडनच्या वेस्टमिन्स्टर काउन्सिलने बंदी घातली होती, त्यामुळे इथे तो कोणता ते विसरणं कठीण आहे. मला त्यात आपल्या घोटाळ्याचं समर्थन दिसत नाही.

आपल्याकडे काय होतं? निर्मात्यांच्या संघटना मुंबईतच आहेत, तिथे नावं नोंदवली जातात. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. मग जुनं नाव उचलायला फारसं कोणाला काही वाटत नाही. हृषीकेश मुखर्जींचा ‘गोलमाल’ १९७९चा, अमोल पालेकर आणि उत्पल दत्त यांचा. मिशीवरून एवढं सगळं रामायण होणारा साधा, हसरा सिनेमा. आज ‘गोलमाल’ म्हटलं की पोरांना २००६पासूनची रोहित शेट्टींची मालिका आठवते. तिला प्रेक्षक मिळाला, ठीक आहे. पण मूळ नावावरचा पहिला हक्क कुठे गेला, हे विचारणाऱ्याला आपल्याकडे हट्टी म्हणतात.

मला हे इतकं का लागतं, ते आता सांगते. माझ्या ऑफिसात एक तामिळ मैत्रीण आहे. आमच्या दोघींच्या नावांची सुरुवात सारखी आहे. मॅनेजर मला तिच्या नावाने बोलावतो, तिच्या कामाचं श्रेय मला देतो, माझी रजा तिच्या खात्यात जाते. चेहरा, उंची, भाषा, काही म्हणजे काही जुळत नाही. पहिल्या वर्षी मी दुरुस्त करायचे. आता करत नाही. आम्ही दोघी फक्त एकमेकींकडे बघतो. एका सहकाऱ्याने तर मला मोठ्या आपुलकीने विचारलं होतं, तू त्या ‘बॉम्बे’ सिनेमातल्या चहावाल्या मुलाच्या शहरातली का? चहा देणारा चायपाव मीरा नायर यांच्या १९८८च्या ‘सलाम बॉम्बे!’मधला. मणिरत्नम यांचा ‘बॉम्बे’ १९९५चा, त्यात दंगलीत आईवडिलांपासून तुटलेली जुळी मुलं आहेत. मी दोन्ही सिनेमे समजावून सांगायला लागले, तोवर तो बिचारा टीमच्या मीटिंगला निघून गेला.

इथे मला वेगळं ओळखण्याची कोणाला गरज नाही, हे मी स्वीकारलं आहे. मात्र माझ्या स्वतःच्या घरी, भारतमाता थिएटरपासून चालत जायच्या अंतरावर, माणसं बेलवलकर आणि गुणा यांना एकाच पिशवीत घालतात तेव्हा मला वाटतं, मीही त्या पिशवीत गेले. लंडनला असलेली, तिकडची, एवढीच. बाबा गिरणीची पाळी संपवून आम्हाला भारतमाताला न्यायचे. परत येताना कोणी काम केलं, कोणी दिग्दर्शन केलं, हे आम्हाला विचारायचे आणि उत्तर आलं नाही तर पुढच्या वेळी नेत नसत. त्या शिस्तीतलं दादाला काहीच आठवत नाही का? त्याला आठवायची गरज नाही. तो तिथेच आहे. मला मात्र आठवणं हाच तिथे असण्याचा एकमेव मार्ग उरला आहे. ‘तिकडे बसून’ मी जेवढं धरून ठेवलंय, तेवढीच मी परळची आहे. दादाला राग येईल, पण मला वाटतं, तिथे राहणाऱ्यांनी ते ढिलं सोडलं आहे.

आणि म्हणूनच ‘आक्रोश’बद्दल मी कोणाचंही ऐकून घेणार नाही. २०१०चा प्रियदर्शन यांचा ‘आक्रोश’ आहे, अजय देवगण आणि अक्षय खन्ना यांचा, बेपत्ता विद्यार्थ्यांच्या तपासाचा. १९८०चा गोविंद निहलानींचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला. त्यात ओम पुरींचा लहान्या भिकू हा आदिवासी मजूर बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली पकडला जातो आणि बोलतच नाही. नसीरुद्दीन शाहांचा वकील विनवतो, चिडतो, तरी नाही. आरोपीच्या पिंजऱ्यातली ती शांतता जवळजवळ सिनेमाभर चालते, आणि शेवटी जो आवाज फुटतो तो त्या शीर्षकाचा खरा मालक आहे. जातीवरच्या अत्याचाराबद्दल दोन्हीत आहे म्हणून दोन्ही एकच, असं ज्यांना वाटतं त्यांनी ओम पुरींचे डोळे पाहिलेले नाहीत. शोधाल तेव्हा साल बघा, दिग्दर्शक बघा. अगदी सुरुवातीला चितेपाशी बेड्या घातलेले ओम पुरी दिसले नाहीत, तर बंद करा आणि पुन्हा शोधा.