‘लिनक्स आहे ना, मग डिस्क कॉपी करा आणि लावा’: त्या मेसेजला उत्तर

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज 11 च्या अटींत न बसणारी जुनी मशीन टाकून द्यायची नसतील तर लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टम हा सोपा रस्ता, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळांत, डीटीपीच्या दुकानांत अशी मशीन भरपूर. त्यामुळे शिक्षकांच्या नि कंप्युटरवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सांगणं थोडक्यात असं: एका मशीनवर लिनक्स मनासारखं सजवा, मराठी कीबोर्ड, फॉन्ट, प्रिंटर सगळं बसवा, मग डीडी (dd) या लिनक्सच्या कॉपी करायच्या कमांडने डिस्कची हुबेहूब प्रत काढून हव्या तितक्या मशीनवर लावा. ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम) कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात. डिस्कचा आकार बघायला नको. लायसन्सच नाही, म्हणून प्रती आपसात भांडत नाहीत. घाई असेल तर नुसतं होम फोल्डर (आपल्या फायली नि सेटिंग असतात ते) पेनड्राइव्हवर घ्या. आणि एक प्रत कपाटात ठेवली की बॅकअपची चिंता मिटली.

लिहिणाऱ्याला लिनक्स येतं यात शंका नाही. पण हे सगळं त्याने दोन सारख्याच मशीनवर करून बघितलं असावं.

ड्रायव्हरचं आधी घेऊ, कारण तिथे मेसेज बराचसा बरोबर आहे. डेबियन, उबुंटू, मिंट या लिनक्सच्या प्रकारांची सुरुवातीची बूट फाइल बहुतेक हार्डवेअरचे ड्रायव्हर सोबत घेऊनच बनते, म्हणून डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तरी सहसा चालू होते. फेडोरा या प्रकारात ही फाइल मात्र त्याच मशीनपुरती बनते. तिथे बूट मेनूतली रेस्क्यूची नोंद निवडावी लागते. एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्डवाल्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर आणि त्याची जुनी सेटिंग फाइल प्रतीत गेली, आणि पुढच्या मशीनला इंटेलचं ग्राफिक्स असलं, तर डेस्कटॉपऐवजी काळा पडदा. काही ब्रॉडकॉम वायफाय कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागतो, तो उतरवायला नेट लागतं, आणि नेट तर त्याच कार्डावर. अशा वेळी मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करावं.

मेसेजमध्ये जे अजिबात नाही ते बूटचं. यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत, जुनी ती बायोस) असलेल्या मशीनमध्ये ‘कुठून सुरू व्हायचं’ ही नोंद मदरबोर्डच्या मेमरीत असते, डिस्कवर नसते. म्हणजे डिस्कची प्रत कितीही हुबेहूब असो, ती नोंद मागेच राहते, आणि नवं मशीन काही वेळा ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणत बसतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (त्यावरूनच लिनक्स चालतं असा) ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम, पुन्हा बसवला की काम होतं. पण प्रत यूईएफआय मशीनची आणि पुढचं मशीन जुन्या बायोसवालं असेल, तर एवढ्याने भागत नाही.

आता ‘आकार बघायला नको’. डीडी डिस्कवरचा प्रत्येक ब्लॉक (साठवणीचा लहान कप्पा) उचलतो, भरलेला असो की रिकामा. 500 जीबीच्या डिस्कवर सामान 40 जीबीचं असलं तरी तो 500 च उचलणार, आणि 240 जीबीच्या एसएसडीवर अर्ध्यात जागा संपली म्हणून थांबणार. वेळेचा हिशेबही करून बघा: जुन्या यूएसबी 2 च्या पोर्टातून सेकंदाला 30 एमबी धरले तर 500 जीबीला साडेचार तासांच्या वर लागतात. जूनमध्ये कोकणात सलग साडेचार तास वीज? तारेवर एक झावळी पडायचा अवकाश. शिवाय चालू असलेल्या सिस्टमवरच डीडी मारला तर कॉपी होताहोता फायली बदलत राहतात आणि प्रत अर्धवट निघते. कुठून आणि कुठे यांची नावं उलटी पडली, तर सजवलेली डिस्कच पुसली जाते, आणि डीडी ‘नक्की का?’ असं विचारतसुद्धा नाही. क्लोनझिला हा डिस्कच्या प्रती काढायचा फुकट प्रोग्रॅम फक्त वापरातले ब्लॉक घेतो, तो बरा. लहान डिस्कवर जायचं तर त्यालाही आधी पार्टिशन (डिस्कचा आखून दिलेला भाग) आकसून द्यावं लागतं.

‘प्रती भांडत नाहीत’ हा दावा सगळ्यात घातक. लायसन्सवरून नाही भांडत, हे खरं. पण प्रत्येक लिनक्सला बसवताना एक मशीन-आयडी (त्या मशीनचा ओळख क्रमांक) मिळतो आणि प्रतीत तोच जातो. उबुंटू सर्व्हरच्या दोन प्रती एकाच राउटरला लावून बघा. मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) वेगळा असूनही दोघी राउटरकडे त्याच ओळखीने आयपी मागतात, राउटर दोघींना एकच देतो, मग कधी हिचं नेट जातं, कधी तिचं. लोक केबल बदलत बसतात. साध्या डेस्कटॉपवर हे सहसा होत नाही, म्हणून मेसेज लिहिणाऱ्याला ते दिसलं नसेल. उपाय दोन मिनिटांचा आहे: प्रत काढण्यापूर्वी ईटीसी फोल्डरातली मशीन-आयडी फाइल (/etc/machine-id) रिकामी करायची, पुढच्या बूटला नवा आयडी आपोआप तयार होतो. फाइल उडवू नका, रिकामी करा. एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या) होस्ट किल्ल्या आणि होस्टनेमही (मशीनचं नेटवर्कवरचं नाव) प्रत्येक मशीनवर नवे करून घ्या.

खरी भीती वेगळीच. सजवलेलं मशीन बहुतेक वेळा कुणाच्या तरी रोजच्या वापरातलं असतं. त्या सरांचं फायरफॉक्स, त्यात साठवलेले पासवर्ड, उघडं राहिलेलं जीमेल, डाउनलोडमधलं बँकेचं स्टेटमेंट, सगळं प्रतीबरोबर लॅबमधल्या पोरांपुढे जातं. वायफायचे पासवर्ड तर सहसा साध्या मजकुरातच असतात. ‘आधी सगळं डिलीट केलं’ म्हणाल, तर डीडी रिकामे ब्लॉकही उचलतो हे वर आलंच. पुसलेल्या फायलींचे अवशेष त्याच ब्लॉकांत असतात आणि फोटोरेकसारख्या फुकटच्या साधनाने ते बाहेर निघू शकतात. आपल्या घराच्या किल्लीचा जुडगा गावभर वाटण्यातलाच हा प्रकार. प्रतीच काढायच्या तर नव्याने बसवलेल्या, कुणीही लॉगिन न केलेल्या मशीनवरून काढाव्यात. एमएक्स लिनक्स या प्रकारातल्या स्नॅपशॉट या साधनात खाती वगळून प्रत काढायची सोय आहे, ती याचसाठी.

होम फोल्डर पेनड्राइव्हवर? बाजारातले पेनड्राइव्ह सहसा फॅट32 किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. त्यावर फाइल कुणाची, कुणाला परवानगी, हे काहीच टिकत नाही, सिम्लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) तुटतात, आणि फॅट32 वर 4 जीबीची एक फाइलही मावत नाही. त्यात बिंदूने सुरू होणारी फोल्डरं लपलेली असतात. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच न दाबता सगळं निवडून कॉपी केलंत, तर फोटो आले पण सेटिंग मागेच राहिलं. होमचा टार (सगळ्या फायली बांधलेलं गाठोडं) करून ती एकच फाइल न्यावी, 4 जीबीच्या वर गेली तर एक्सफॅटवर; परवानग्या आत जपल्या जातात.

आणि होममध्ये प्रोग्रॅम नसतात. त्यासाठी डेबियन, उबुंटू, मिंटवर एपीटी-मार्क शोमॅन्युअल (apt-mark showmanual) ही कमांड चालवा, मुद्दाम बसवलेल्या पॅकेजांची, म्हणजे प्रोग्रॅमांची यादी मिळते, काही केबीची टेक्स्ट फाइल. नव्या मशीनवर लिनक्सची तीच आवृत्ती बसवायची, बाहेरच्या रिपॉझिटरी (पॅकेजं जिथून उतरतात ती कोठारं) जोडल्या असतील तर त्या आधी जोडायच्या, मग यादी एपीटीला (पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमला) द्यायची, शेवटी टार उघडायचा. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, पॅनेल, वॉलपेपर बहुतेक सगळं येतं. प्रिंटर तेवढा पुन्हा जोडावा लागतो. यादीतून ग्रबची नि ग्राफिक्स ड्रायव्हरची पॅकेजं वगळलीत, तर हा रस्ता डिस्क कितीची, बूट कसलं, ग्राफिक्स कुणाचं, काही विचारत नाही.

फुकट म्हणजे सगळंच वाटता येतं, हेही मेसेजमध्ये गृहीत धरलंय. कर्नल वाटा, लिबरऑफिस वाटा, ‘लोहित’ आणि ‘मुक्त’ (Mukta) हे फॉन्ट खुशाल वाटा. दुकानाने पैसे मोजून घेतलेला मराठी फॉन्ट त्याच डिस्कवर असेल तर तो नाही वाटता येत.

राहिला कपाटातला बॅकअप. प्रत काढली त्या दिवशी ती ताजी असते. दुसऱ्या दिवशी टाइप केलेला प्रश्नसंच तिच्यात नसतो. आणि 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा टेबलावरचं मशीन आणि शेजारच्या कपाटातली डिस्क एकाच पाण्यात होती. पॅकेजांची यादी ईमेलमध्ये मावते, ती स्वतःलाच पाठवून ठेवा. होमचा टार एका डिस्कवर घालून दर महिन्याला वरच्या आळीतल्या कुणाच्या तरी माडीवर नेऊन ठेवा.