कल्पेनीची उडी

कोचीहून निघालेल्या जहाजाने आम्हां पाच जणांना रात्रभर हलवून सकाळी कल्पेनीपाशी आणले, तेव्हा ‘बेटावर उतरणे’ यातला ‘उतरणे’ हा भाग किती गंभीर आहे, याची मला कल्पना नव्हती. लक्षद्वीपच्या या बेटाभोवती प्रवाळाच्या कड्याने अडवलेले उथळ पाणी आहे. मोठे जहाज त्यात शिरू शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते आणि त्याच्या पोटातल्या एका दारातून माणसे खाली डुलणाऱ्या होडीत उतरवली जातात. ही होडी क्षणात उंबऱ्याशी येते आणि दुसऱ्या क्षणी पुरुषभर खाली जाते. दारातला खलाशी दंड धरून ‘अभी’ म्हणतो, त्या ‘अभी’ला पाय टाकायचा, एवढाच काय तो विधी.

माझी सगळी काळजी बाहत्तर वर्षांच्या आईची होती. तिला कसे धरायचे, पर्स कोणी घ्यायची, चपला आधी काढायच्या की नंतर, यावर मी बायकोशी चर्चा करत असतानाच आईने पदर खोचला, पर्स पोटाशी धरली आणि होडी वर येताच, खलाशाने तोंड उघडण्याआधी, ती आत जाऊन बसलीसुद्धा. डोंबिवलीहून अठ्ठावीस वर्षे सकाळची फास्ट लोकल पकडलेल्या बाईला हिंदी महासागर तो काय शिकवणार! वर ती शेजारच्या बाईंना ‘थोडं सरकता का?’ असे म्हणाली आणि बायकोसाठी चौथी सीट तयार झाली.

मी मात्र ‘अभी’वर विचार केला. विचार संपेपर्यंत होडी खाली गेली होती आणि मी तिच्यामागोमाग गेलो. दोन खलाशांनी मला तांदळाच्या पोत्यासारखे झेलले; लाइफ जॅकेट कानांपर्यंत चढले आणि मुलीने नेमका तेव्हाच फोटो काढला.

बेटावर शहाळी मिळाली, पोहणे झाले, जेवणात ट्यूना आला आणि ‘हा तर आपला कुपा’ असे म्हणून आईने तो पुन्हा वाढून घेतला. परमिटच्या ज्या झेरॉक्स मी तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून छातीशी बाळगल्या होत्या, त्या बेटावर कोणी पाहिल्या नाहीत. खरा प्रसंग मुलाच्या खिशांनी आणला. १८४७ सालच्या वादळाने इथल्या पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या तुकड्यांचा बांधच रचून ठेवला आहे आणि त्यातले अर्धा किलो तरी चिरंजीवांच्या खिशात उतरले होते. प्रवाळ नेणे हा गुन्हा आहे, हे मी त्याला सांगितले. त्यावर ‘१८४७ पासून पडलेत, तर आता कोणाचे?’ असा बिनतोड सवाल आला. शेवटी कायद्याच्या धाकाने नव्हे, तर ओल्या चड्डीच्या वजनाने तो नमला. खिसे उलटे करून निम्मी वाळू त्याने माझ्या चपलांत ओतली.

परतताना होडी जहाजाला लागली, तेव्हा दारात बेटावर जाणारी काही खलाशी मंडळी खोकी घेऊन उभी होती. मी परमिटच्या पिशव्या दातांत धरून ‘अभी’ची वाट पाहत होतो. तेवढ्यात माझ्या पाठीमागून, सगळ्या अरबी समुद्राला ऐकू जाईल अशा आवाजात आई ओरडली, “अहो, दार अडवू नका! आधी उतरू द्या, मग चढा!”