आईच्या डब्यावरचा आकडा

पोस्ट मोठी झालीये, निवांत असाल तेव्हा वाचा. विषय आहे दिवस मोजणारा डबा. म्हणजे ते छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र, ज्यात एखादी तारीख घालून ठेवली की तिला किती दिवस उरलेत ते दाखवत राहतं आणि रोज एकेक कमी करत जातं. हल्ली ऑनलाइन रेडिमेड पण मिळतात, लग्नाला इतके दिवस, बाळ यायला इतके दिवस, रिटायरमेंटला इतके दिवस. मी मात्र हाताने बनवले, दोन आईसाठी आणि एक शेजारच्या काकींसाठी. आणि आता माझं ठाम मत झालंय की असं यंत्र इंटरनेटला जोडू नये, आणि त्यातली तारीख बदलायचं बटण जो वाट बघतोय त्याच्या हातात असावं, जो येणार आहे त्याच्या नाही. असं का ते सांगतो.

मी डोंबिवलीत, आई गावी, कुडाळपासून अर्ध्या तासावर. फोन केला की तिचा पहिला प्रश्न, कधी येतलंस? मी म्हणणार मे मध्ये, मग ती म्हणणार मे मध्ये म्हणजे किती दिस रवले, आणि मग भिंतीवरच्या कालनिर्णयची पानं उलटत बोटाने मोजणार. पूर्वी ती पेनाने एकेक दिवस काट मारायची पण आता डोळ्यांना ते बारीक आकडे दिसत नाहीत. म्हणून 2024 च्या गणपतीनंतर मी तिला पहिला डबा करून दिला. इएसपी8266 नावाचा वायफायवाला बोर्ड, त्याला चार आकड्यांचा लाल एलईडी डिस्प्ले आणि वरून प्लास्टिकचा डबा, बास. गावात फायबर आलंय, घरात वायफाय आहे, त्यामुळे डबा वेळ नेटवरून घ्यायचा आणि तारीख मी इथून मोबाईलवरून बदलायचो. तेव्हा मला हेच त्याचं सगळ्यात भारी फीचर वाटत होतं, आईला काहीच करायला नको, बसल्या जागी आकडा दिसतो.

खूप जण म्हणाले, अरे मोबाईलमध्ये ॲप असतं की. असतं ना. पण मोबाईल हातात घ्यायचा, उघडायचा, ॲप शोधायचं, एवढं करून जो आकडा दिसतो तो एकट्याने बघायचा आकडा. स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेला डबा सगळ्यांचा असतो. दूध घालायला येणारा बघतो, शेजारच्या काकी चहाला आल्या की बघतात, आणि आईला कोणी विचारलं की मुलगा कधी येतोय तर ती नुसतं फळीकडे बोट दाखवते. आणि त्या डब्यात दुसरं काही येत नाही, ना मेसेज ना बातम्या. एकच काम करणाऱ्या वस्तूवर माणसाचा विश्वास बसतो, तो मोबाईलवर बसत नाही असं माझं तरी निरीक्षण आहे.

तर पुढची तारीख घातली होती 10 मे 2025. आकडा उतरत उतरत 8 वर आला, आणि 2 मे ला आमच्या कंपनीत अचानक काम आलं, सगळ्यांच्या रजा रद्द. मी भांडलो, उपयोग झाला नाही. आता थेट गणपतीलाच जायला मिळणार हे कळलं आणि मी ऑफिसात बसल्या बसल्या डब्यात नवीन तारीख घातली, 23 ऑगस्ट. दोन मिनिटांचं काम. म्हटलं संध्याकाळी निवांत फोन करून सांगू.

दुपारी आईचाच फोन. "झिला, ह्या मशीन बिघडला की काय रे? सकाळी आठ होते, आता एकशेतेरा दाखवता."

मी गप्प. काय बोलणार. मग तिनेच विचारलं, येत नाय मा तू? आणि थोड्या वेळाने म्हणाली, मी सकाळीच आंबे अढयेत घातलंय.

ज्यांना अढी माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कच्चा आंबा गवतात नीट रचून ठेवतात, त्याला अढी म्हणतात, आणि पिकायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आईने डब्यावरचा 8 बघून त्या हिशोबाने माझ्यासाठी आंबे घातले होते. म्हणजे मी ज्याला नुसता आकडा समजत होतो त्यावर तिचं सगळं घर चालत होतं. 30 झाले की पापड, 15 झाले की माळ्यावरच्या गाद्या उन्हात, 8 झाले की अढी. आणि मी तो आकडा पाचशे किलोमीटरवरून तिच्या डोळ्यांदेखत बदलला, न सांगता. रजा रद्द झाली ती माझी चूक नव्हती. न सांगता आकडा बदलणं मात्र माझी चूक होती आणि ती मला अजून लागून राहिलीये.

इस्रोचं उदाहरण नंतर माझ्या डोक्यात येत राहिलं. 15 जुलै 2019 ला चांद्रयान-2 चं काउंटडाऊन चालू होतं, उड्डाणाला 56 मिनिटं 24 सेकंद राहिले असताना बिघाड सापडला आणि त्यांनी घड्याळ थांबवलं. अख्खा देश जागा होता पहाटे. त्यांनी तिथेच सांगितलं की आज होत नाही, आणि नवीन तारीख नंतर दिली, 22 जुलैला यान गेलं. काउंटडाऊन थांबवण्यात काही कमीपणा नाही. पण आधी थांबवायचं, सांगायचं, मग नवीन आकडा लावायचा. मी मधल्या दोन्ही पायऱ्या खाऊन टाकल्या होत्या.

त्यात जुलैमध्ये अजून एक झालं. कोकणात पावसाळ्यात लाईट जाणं काय असतं ते तिकडच्यांना सांगायला नको. लाईट आली पण नेट आलंच नाही, आणि त्या बोर्डाला नेट नसेल तर आजची तारीख कळायला दुसरा मार्गच नाही. तो आपला 1 जानेवारी 1970 पासून सुरुवात करतो, कारण कॉम्प्युटरचा वेळ मोजण्याची एक जुनी पद्धत तिथूनच सुरू होते. 1970 पासून 23 ऑगस्ट 2025 पर्यंत होतात 20323 दिवस. डिस्प्ले चार आकड्यांचा, त्यामुळे पुढचा 2 गेला आणि दिसायला लागलं 0323. आईने ह्या वेळी फोनच केला नाही. चार दिवसांनी काकींकडून कळलं की तिने डब्यावर फडका टाकून ठेवलाय. तिला वाटलं मी परत पुढे ढकललं आणि ह्या वेळी वर्षभराने.

त्या दिवशी ठरवलं, हा डबा काढायचा.

नवीन डबा मी 2025 च्या गणपतीला स्वतः घेऊन गेलो. त्यात वायफाय नाहीच. आर्डुइनो नावाचा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, वेळेसाठी डीएस3231 नावाची घड्याळाची चिप आणि ई-पेपरचा डिस्प्ले. ही चिप मुद्दाम घेतली कारण साध्या क्रिस्टलवर चालणारं घड्याळ दिवसाला एक-दोन सेकंद सहज इकडेतिकडे होतं, हिच्यात तापमान बघून दुरुस्ती करायची सोय आतच असते, त्यामुळे वर्षाला फार तर मिनिटभराचा फरक. लाईट असो नसो, बटण सेलवर वेळ चालू राहते. एक सांगून ठेवतो, करणाऱ्यांच्या कामाला येईल. बाजारात ह्या चिपचं जे निळं मॉड्यूल मिळतं त्यातल्या बऱ्याच मॉड्यूलवर चार्जिंगचं सर्किट असतं, ते चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. तुम्ही त्यात साधा सीआर2032 टाकणार असाल तर तिथला डायोड नाहीतर रेझिस्टर काढा, नाहीतर न चार्ज होणारा सेल चार्ज होत राहतो आणि फुगतो. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी स्वतःहून सांगितलं म्हणून वाचलो.

ई-पेपरचं म्हणजे, आकडा बदलतानाच काय तो करंट लागतो, एरवी आकडा कागदावर छापल्यासारखा तसाच राहतो. त्यामुळे दिवसातून एकदा डबा जागा होतो, आकडा बदलतो आणि झोपतो, तीन पेन्सिल सेल महिनोन्महिने पुरतात. शिवाय तो लाल उजेड गेला. आई म्हणालीच होती की रात्री पाण्याला उठलं की अंधारात ते लाल लाल बरं वाटत नाही.

एकदा जागा होतो तर कधी? मी आधी रात्री बाराला लावलं होतं. आईला ते पटेना. तिचं म्हणणं, दिवस उजाडल्याशिवाय कमी कसा होईल? आणि बरोबर आहे तिचं, आपल्या पंचांगात वार सूर्योदयालाच बदलतो. म्हणून आता सकाळी सहाला बदलतो, ती चूल पेटवायच्या वेळेला. दुसरा वाद, आज धरून की आज सोडून? गणपती आपण आज धरून मोजतो, दीड दिवस, पाच दिवस, अकरा दिवस, बसवायचा दिवस त्यात येतोच. पण वाट बघताना आजचा दिवस धरला तर उद्या येणाऱ्याला दोन दिवस दिसतात. बराच वेळ बसून दोघांनी ठरवलं, आज सोडून.

रेडिमेडमध्ये दरवर्षी आपोआप रिपीट होण्याची सोय असते ती आपल्या सणांना कामाची नाही हे पण ह्याच नादात कळलं. 2024 चा गणपती 7 सप्टेंबरला, 2025 चा 27 ऑगस्टला, म्हणजे मध्ये 354 दिवस. ह्या वर्षी 14 सप्टेंबरला, मध्ये 383 दिवस, कारण अधिक महिना. हे 365 मध्ये बसवणार कसं? तिथे माणूसच लागतो, पंचांग बघून तारीख घालणारा.

म्हणून नवीन डब्याला दोनच बटणं ठेवली, एक वाढवायचं, एक कमी करायचं. आणि ती आईच्या घरी आहेत. मला तारीख बदलायची असेल तर मला फोन करावा लागतो, तोंडाने सांगावं लागतं आणि तिने हो म्हटलं तर ती बटण दाबते. हे मी मुद्दाम अवघड करून ठेवलंय माझ्यासाठी. आकडा लावणं म्हणजे शब्द देणं आहे, आणि शब्द फिरवायचा असेल तर समोरच्याचा आवाज ऐकूनच फिरवावा.

काकींचं वेगळं. त्यांचा मुलगा जहाजावर. आईचा डबा बघून म्हणाल्या मला पण करून दे. मी विचारलं तारीख कुठली घालू, तर तारीखच नाही. बोटीवरच्यांचं कॉन्ट्रॅक्ट सहा महिने नऊ महिने असतं खरं, पण त्याच्या जागी येणारा माणूस मिळायला हवा, जहाज त्या पोर्टला लागायला हवं, तेव्हा साइन ऑफ, म्हणजे बोटीवरून सुटका. 2020 मध्ये तर पोर्टं बंद झाली आणि जगभरात लाखो खलाशी कॉन्ट्रॅक्ट संपून गेलं तरी बोटीवरच अडकले होते. अशा माणसाच्या आईला उलटे दिवस मोजणारा डबा द्यायचा म्हणजे तिला दर महिन्याला फसवायचं. मी त्यांना सुलटा मोजणारा करून दिला, मुलगा गेल्यापासून किती दिवस सरले ते दाखवणारा. रोज एक वाढतो. त्यांना आवडला. म्हणाल्या, एवढे काढले ना, मग उरलेले पण निघतील. मला वाटतं जिथे तारीख पक्की नाही तिथे सगळ्यांनी असंच करावं, आजारपणात सुद्धा.

आणि एका गोष्टीचा मला खरोखर राग आहे, क्लासमधले बोर्ड. माझी भाची पुण्यात जेईईच्या क्लासला होती, तिथे फळ्याच्या वर भला मोठा लाल बोर्ड, परीक्षेला इतके दिवस इतके तास इतकी मिनिटं आणि सेकंद पळतायत. सेकंद कशाला? सतरा वर्षांच्या पोरीने गणित सोडवताना समोर सेकंद पळताना बघून नक्की काय करायचं? ती सांगायची की डोळे मिटले तरी तो बोर्ड दिसतो. यंत्र तेच आहे, माझ्या आईच्या फळीवरचंच. पण तो आकडा तिने लावला नव्हता, तिला बंद करता येत नव्हता, आणि शून्यानंतर काय हे तिथे कोणीच सांगत नव्हतं. क्लासवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे, निदान सेकंद आणि मिनिटं तरी काढा. मुलांना दिवस कळले की पुरे.

शून्याचं म्हणाल तर रेडिमेड डबे शून्य झाल्यावर तिथेच लुकलुकत बसतात नाहीतर उणे एक, उणे दोन दाखवायला लागतात. आईच्या डब्यावर शून्य झालं की काहीच दिसत नाही, कोरा. मी घरात असतो तेवढे दिवस डबा कोरा असतो.

यंदा मे मध्ये गेलो. 9 तारखेला सकाळी तुतारी एक्सप्रेसने कुडाळला उतरलो, घरी पोचलो तर आई हात धुवून वाट बघत होती, अढी माझ्यासमोर उघडायची म्हणून. आठ दिवसांपूर्वीच घातलेली. खोलीभर वास.

17 ला निघालो, त्याच दिवशी अधिक ज्येष्ठ लागला. ती म्हणाली ह्या वर्षी चतुर्थी लांब गेली. मी म्हटलं हो, पण दोन दिवस आधीच येतो, 12 सप्टेंबरला. आता रेल्वेचं बुकिंग 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 14 जुलैला सकाळी आठला मला बसायचंय. तो जुना लाल डबा मी घरी आणलाय आणि त्यात फक्त तेवढी एक तारीख घातलीये, आज त्यावर 36 आहे, आणि आईच्या फळीवर 96.

निघायच्या आधी मी पिशवी भरत होतो आणि ती फळीपाशी उभी राहून बटण दाबत होती. दाबून धरलं की भराभर वाढतो आकडा, पण ती एकेक दाबत होती, मोजत. एकशे सतराला थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, नक्की मा? मी म्हटलं नक्की. मग शेवटचं दाबलं. एकशे अठरा, आज सोडून.