एक स्टार देणाऱ्या फियाटवाल्या साहेबांना गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी तीन आहेत. आम्ही बसवलेला अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं नव्या पद्धतीचं यंत्र) आणि रेडियल टायर यांमुळे जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत गुण कापले गेले, दारांचं मूळ रेक्झिन आमच्याकडे गायब झालं, आणि एवढा खर्च करूनही ब्रेक ‘जुन्या जमान्याचेच’ राहिले. पहिली आणि तिसरी तक्रार एकाच माणसाची कशी, हे मला उमगलं नाही. मधली मात्र शंभर टक्के खरी आहे, म्हणून आधी तीच घेतो.

ते रेक्झिन बदलायचं काही कारण नव्हतं. मागच्या डाव्या दाराला कोपऱ्यात वीतभर उसवलं होतं, तेवढं आतून शिवून भागलं असतं. सीटचं काम चालू असताना कुशनवाल्याने उत्साहात चारही दारं नवी करून टाकली आणि जुनं भंगारवाल्याकडे गेलं. मी दोन दिवस गॅरेजवर नव्हतो, पण पाटी माझी आहे, त्यामुळे चूकही माझीच. नवं रेक्झिन कितीही जुळवून आणलं तरी परीक्षकाला हात लावताच कळतं, आणि कळलंच. दारांच्या कामाचे सगळे पैसे परत करतो. रेक्झिन परत आणता येत नाही, याचं वाईट वाटतं.

आता अल्टरनेटर. गाडी आणलीत तेव्हा जॉब कार्डावर तुमचेच शब्द लिहून घेतलेत: ‘महिन्यातून दोनदा पाचगणी, रात्री बिनघोर परत येता आलं पाहिजे.’ तुमच्या १९६७ च्या फियाट डिलाइटचा डायनॅमो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं मूळ जुनं यंत्र, गाडी जागेवर उभी असताना जवळजवळ चार्जच करत नाही. पावसात कात्रजच्या अलीकडे अर्धा तास रांगेत अडकलात, हेडलाइट आणि वायपर चालू असले, की सगळा भार बॅटरीवर. म्हणून अल्टरनेटर, आणि ओल्या रस्त्यासाठी रेडियल. स्पर्धेचा विषय तेव्हा निघालाच नव्हता. निघाला असता तर मी तोच डायनॅमो रिवाइंड करून बसवला असता आणि मूळ मापाचे (५.२०-१४) साधे नायलॉन टायर शोधत बाजार पालथा घातला असता. परीक्षकांवरही रागावू नका. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून त्या साली कशी बाहेर पडली असेल, एवढंच ते बघतात. तुमच्या रात्रीच्या घाटाशी त्यांना काय देणंघेणं?

ब्रेकचं म्हणाल, तर तुम्ही पुढच्या चाकांना जुन्या ड्रमऐवजी नव्या पद्धतीचे डिस्क ब्रेक मागितले होते आणि मी नाही म्हणालो होतो. आजही नाहीच म्हणेन. अल्टरनेटर बोल्टवर बसतो आणि बोल्टवरच निघतो. डिस्कसाठी पुढचे मूळ भाग लेथवर चढवावे लागले असते, आणि कापलेलं लोखंड पुन्हा जुळत नाही. जुन्या गाड्यांच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेच्या ट्यूरिन सनदेतही हेच आहे: बदल करावाच लागला तर तो उलटवता येईल असा करा, आणि काढलेले महत्त्वाचे भाग गाडीसोबत जपा. (ट्यूरिन म्हणजे फियाटचंच गाव.) तुमच्या चारही ब्रेक ड्रमचं टर्निंग केलंय, म्हणजे आतून घासून एकसारखे केलेत, लायनिंग आणि व्हील सिलिंडर नवे आहेत. पसरणी घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर उभे राहू नका. ही गाडी अशीच चालवतात.

पन्नाशी उलटलेल्या गाडीची २०२१ च्या केंद्रीय नियमाने विंटेज म्हणून नोंदणी करायचा विचार असेल, तर चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. शिवाय ती नोंदणी घेतलीत की गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. पाचगणीच्या फेऱ्या बंद. विचार करून ठरवा.

पुढच्या स्पर्धेआधी गाडी आठवडाभर आधी आणा. डायनॅमो आणि रेग्युलेटर चढवून देतो, जुन्या वायरी तोडलेल्या नाहीत, टेप लावून जागेवरच ठेवल्यात. स्पर्धा झाली की अल्टरनेटर परत लावतो. दोन्ही वेळची मजुरी नको. टायर तेवढे तुम्हाला घ्यावे लागतील.

डायनॅमो आणि रेग्युलेटर कुठे आहेत, असं विचाराल. तुम्ही रिव्ह्यूत टाकलेल्या डिकीच्या फोटोत स्टेपनीशेजारी लाकडी खोका दिसतोय ना, त्यात. दोरी अजून सुटलेली नाही. येताना तो तसाच राहू द्या.