सकर मासा टाकी साफ करत नाही, आणि विहिरीत तर तो सोडायचाच नाही

‘माशांच्या टाकीत एक सकर सोडा आणि साफसफाई विसरा’ असा मेसेज घराघरांतल्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यात म्हटलंय की सकर बाकीच्या माशांची घाण खातो, म्हणून पाणी बदलावं लागत नाही. त्याला वेगळं खाणं घालावं लागत नाही. टाकी असेल तेवढाच तो वाढतो. आणि मोठा झालाच तर विहिरीत किंवा तळ्यात सोडून द्यावा, तिथलंही शेवाळ तो खाऊन टाकतो. हे वाचून माझी बहीण लेकीच्या दोन फुटी टाकीसाठी सकर आणायला निघाली, तेव्हा एकदाचं सगळं लिहूनच काढते.

घाण खातो? नाही खात. माशांच्या विष्ठेवर कुठलाच सकर जगत नाही. उलट त्याचं आतडं लांबलचक, वेटोळं घातलेलं असतं आणि दिवसभर त्याच्यामागे विष्ठेच्या दोऱ्या लोंबत असतात. टाकीतल्या इतर माशांपेक्षा जास्त घाण तोच करतो. आणि समजा खाल्ली असती, तरी पाणी स्वच्छ कसं झालं असतं? माशांचा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून थेट पाण्यात उतरतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि साठत गेलेलं नायट्रेट मुख्यतः पाणी बदलूनच निघतं. तेव्हा दर आठवड्याला 25 ते 30 टक्के पाणी बदला, खडीतला गाळ सायफनने ओढून घ्या, नळाच्या पाण्यात क्लोरीन घालवणारं अँटी-क्लोरीन टाका. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि दोन दिवसांत पाणी गढूळ होतं.

शेवाळाचं म्हणाल, तर एवढं मान्य करावं लागेल की पाच-सात सेंटीमीटरचं पिल्लू काचेवरचं मऊ हिरवं आणि तपकिरी शेवाळ खरंच खरवडतं. पण पानांच्या कडेला येणारे काळे केसाळ झुबके आणि निळसर हिरवा बुळबुळीत थर यांना ते तोंड लावत नाही. वाढत गेलं आणि दाण्याची सवय लागली की काचेकडेही फारसं फिरकत नाही.

‘वेगळं खाणं नको’ या वाक्याने किती सकर उपाशी मेले असतील! दिवे गेल्यावर शेवाळाची किंवा स्पिरुलिनाची वडी टाका. आठवड्यातून दोन-तीनदा काकडी, दुधी किंवा दोडक्याची चकती जरा उकळून, जेवणाच्या काट्याला टोचून तळाशी ठेवा आणि सकाळी उरलेली काढून घ्या. टाकीत लाकडाचा ओंडकाही हवा. पोट आत गेलेलं आणि डोळे खोल दिसले, तर मासा उपाशी आहे. असा भुकेला सकर रात्री गोल्डफिशच्या किंवा एंजल माशाच्या अंगाला चिकटून त्यांच्यावरचा बुळबुळीत थर खरवडतो. मग त्या जखमांवर बुरशी धरते.

टाकीएवढाच वाढतो, हेही खोटं. खराब पाण्यात त्याची वाढ खुंटते, शरीर वाकडं होतं, आयुष्य घटतं. हे खुरटणं आहे, जुळवून घेणं नव्हे. आपल्याकडे ‘सकर’ म्हणून बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस या शास्त्रीय नावाचा मासा विकला जातो. पाठीवरच्या पराच्या काड्या मोजा. दहा किंवा त्याहून जास्त भरल्या तर तोच. तो 40 ते 50 सेंटीमीटर होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगतो. दोन फुटी टाकीत जेमतेम 55 लिटर पाणी मावतं. त्याला सहा बाय दोन बाय दोन फुटांची, म्हणजे साधारण 680 लिटरची टाकी लागते.

आता विहिरीत-तळ्यात सोडण्याचा सल्ला. सगळ्या मेसेजमधलं हे सर्वांत घातक वाक्य आहे, आणि नेमकं तेच लोक पुण्य समजून करतात. हा मासा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर हाडांची चिलखती पट्टी, परांत टोकदार काटे. आपल्या पाण्यातल्या फार थोड्या जिवांना तो गिळता येतो. पाण्यात प्राणवायू कमी झाला तर वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो, म्हणून सांडपाण्याने सडलेल्या तळ्यातही तगतो. नर काठाच्या मातीत मीटरभर खोल बोगदे खणून अंडी राखतात, त्यामुळे काठ ढासळतात.

हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात मिसळलेल्या डीएनएवरून शोध घेतला, तेव्हा पूर्व घाटातल्या सुमारे 60 टक्के पाणवठ्यांत तो पसरलेला आढळला. घरच्या टाक्यांसाठी आणलेला मासा आहे हा! मेक्सिकोतल्या इन्फिएर्निल्यो जलाशयात एके काळी चिलापीची मोठी मासेमारी होती. सकर वाढला आणि ती कोसळली. आपल्या उजनीतही तो जाळ्यात येतो. बाजारात त्याला भाव नाही, काटे मात्र जाळ्यात असे अडकतात की सोडवताना जाळं फाटतं. शेवाळाबरोबर तो तळावर चिकटलेली इतर माशांची अंडीही खरवडतो. आणि विहिरीतून तो बाहेर येणार नाही असं समजू नका. पूर आला, पंप लागला की पिल्लं ओढ्यात पोचतात.

बहिणीच्या टाकीत शेवाळ होतंय, तर दिवा सहा-सात तासच लावायचा, खिडकीचं ऊन टाळायचं, दाणा कमी घालायचा आणि काच चुंबकी घासणीने पुसायची. जोडीला तीन-चार नेराइट गोगलगायी पुरतात; गोड्या पाण्यात त्यांची पैदास होत नाही. मासाच हवा असेल, तर किमान 100 लिटरच्या टाकीत ब्रिसलनोज हा सकरचाच छोटा भाऊबंद ठेवा, तो 12-13 सेंटीमीटरवर थांबतो.

ज्यांच्याकडे सकर आधीच मोठा झालाय, त्यांनी दुकानदाराला किंवा मोठी टाकी असलेल्या माणसाला तो परत द्यावा. धरताना जाळी वापरू नका, काटे अडकतात. पाण्यातच प्लास्टिकच्या डब्यात शिरवून उचला. पिशवीही काट्यांनी फुटते, तेव्हा झाकणाची बादली घ्या, अर्धी पाण्याने भरा आणि झाकणाला भोकं पाडा.