अपडेट घ्यावे, जादा टॉर्क घेतलाच पाहिजे असे नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नव्या इलेक्ट्रिक माउंटन बाइकच्या पहिल्या जुळणीवर मी लिहिलेल्या लेखाला आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : दुकानातून आणलेली सायकल डोंगरावर नेण्याआधी तिचे सॉफ्टवेअर अपडेट करा असे सांगणे म्हणजे कंपनीने अर्धवट विकलेला माल गिऱ्हाइकाने घरी पुरा करून घेणे होय, कागदोपत्री 250 वॉट दाखवायचे आणि जाहिरातीत 750 वॉट मिरवायचे ही उघड फसवणूक आहे, आणि खरी जुळणी सस्पेन्शन, टायर व ब्रेक यांची असते, मोबाइलची नव्हे. शेवटी आपण एक प्रश्नही विचारला आहे. त्याकडे मी शेवटीच येते.

आधी वॉटचा हिशेब. युरोपात ज्या सायकलीला नोंदणी, विमा किंवा परवाना लागत नाही, तिच्या मोटरची सलग शक्ती 250 वॉटपेक्षा जास्त असता कामा नये आणि ताशी 25 किलोमीटरला मोटरची मदत थांबली पाहिजे. यातला ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मोटर तापून निकामी न होता बराच वेळ जी शक्ती देऊ शकते, ती ही शक्ती. चढावर काही क्षण तीच मोटर याच्या दुप्पट-तिप्पट शक्ती देते, आणि त्या क्षणिक शक्तीला सध्याच्या नियमात वरची मर्यादा नाही. भारताच्या मोटार वाहन नियमांतही तीस मिनिटांची शक्तीच मोजली जाते आणि ती पाव किलोवॉटपेक्षा कमी असावी लागते. म्हणजे दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. फसवणूक म्हणण्यापेक्षा नियमातली मोकळी जागा वापरणे म्हणावे, आणि ती जागा आता फारच मोकळेपणाने वापरली जात आहे, हे मात्र आपल्याइतकेच मलाही खटकते. ड्रोन बनवणाऱ्या डीजेआयने 2024 मध्ये 105 न्यूटन-मीटर टॉर्कची, म्हणजे फिरवण्याच्या जोराची, ॲव्हिनॉक्स मोटर आणली. बॉश या जर्मन कंपनीची नवी परफॉर्मन्स लाइन सीएक्स मोटर त्याच वर्षी 85 न्यूटन-मीटर आणि 600 वॉट घेऊन आली होती, आणि 2025 च्या उन्हाळ्यात तिला नुसत्या अपडेटवर 100 न्यूटन-मीटर व 750 वॉटपर्यंत जाण्याची मुभा मिळाली. हा योगायोग मानणे कठीण आहे. जर्मनीच्या सायकल-उद्योगाच्या संघटनेनेच 2025 मध्ये 750 वॉटची कमाल मर्यादा सुचवली, यावरून ही चढाओढ कुठवर गेली आहे याची कल्पना यावी.

आता आपला मुख्य आक्षेप. सायकल कारखान्यातून निघून गोदाम आणि दुकान असा प्रवास करत गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत अनेक महिने उलटलेले असतात, आणि तिच्यातले सॉफ्टवेअर जुळणीच्या दिवशी जे होते तेच राहिलेले असते. मधल्या काळात मोटर, बॅटरी व डिस्प्ले यांच्या आपसातल्या बोलण्यातले जे दोष सापडून दुरुस्त झाले, ते त्या खोक्यात आपोआप पोहोचत नाहीत. म्हणून अपडेट घ्यावे. पण अपडेट घेणे आणि वाढीव ताकद वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकच धरल्या आहेत. बॉशच्या फ्लो या मोबाइल ॲपमध्ये प्रत्येक मोडसाठी मदतीचे प्रमाण, मोटर किती चटकन प्रतिसाद देते, कमाल टॉर्क आणि कमाल वेग हे चारही खाली आणता येतात. मी सॉफ्टवेअर नवे ठेवते आणि टॉर्क 85 च्या वर नेत नाही.

याचे कारण आकड्यांत पाहण्यासारखे आहे. पुढची चकती 34 दात्यांची असेल तर तिची त्रिज्या सुमारे 69 मिलिमीटर भरते. मोटरने 85 न्यूटन-मीटर दिले तर केवळ मोटरमुळे चेनवर सुमारे 126 किलोचा ताण येतो, आणि 100 दिले तर 148 किलोचा. पायांचा जोर यात धरलेलाच नाही. मागे 51 दात्यांचे सर्वांत मोठे चक्र लावलेले असताना हाच टॉर्क टायरपर्यंत पोहोचतो तेव्हा जमिनीवर मिळणारी ढकल 35 किलोवरून 41 किलोवर जाते. म्हणजे चेन, कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) आणि हबच्या (चाकाच्या मध्यभागाच्या) आतले दाते यांच्यावर 22 किलोचा बोजा वाढवून चढावर हाती लागतात सहा किलो, आणि ओल्या मुळांवर किंवा सुट्या खडीवर तेही चाक जागच्या जागी फिरवण्यात जातात. ज्याला उभ्या चढावर सारखे थांबून पुन्हा निघावे लागते, त्याला या सहा किलोंचे मोल असेल. मी श्टुटगार्टजवळ राहते, आणि बाडेन-व्युर्टेमबेर्गच्या वनकायद्यानुसार जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर, खास मोकळ्या केलेल्या वाटा सोडल्यास, सायकल चालवायला मनाईच आहे. रुंद, खडी टाकलेल्या वनरस्त्यावर 100 न्यूटन-मीटर कशासाठी हवेत, हे मला अद्याप कुणी पटवून दिलेले नाही.

मात्र अपडेट केव्हा करायचे याला महत्त्व आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असावी, फोन जवळ असावा, आणि हे काम घरी, हाताशी मोकळा वेळ ठेवून करावे. फाइल आधी फोनवर उतरते, मग ब्लूटूथवरून सावकाश सायकलीत जाते, आणि प्रत्यक्ष बसवणी चालू असताना सायकल वापरता येत नाही. सहलीच्या पहाटे किंवा डोंगराच्या पायथ्याशी वाहनतळावर अपडेट सुरू करणाऱ्याची मला खरोखर दया येते.

सस्पेन्शन, टायर व ब्रेक यांबाबत आपल्यात मतभेद नाही. उलट, सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी ही कामे व्हावीत असेच मी म्हणेन. इलेक्ट्रिक माउंटन बाइक सहज 23-24 किलोची असते, त्यामुळे जुन्या सायकलीवरचे हवेचे आकडे येथे उतरवून चालत नाहीत. सॅग, म्हणजे स्वाराच्या वजनाने सस्पेन्शन जितके दबते ते, हेल्मेट, बूट आणि पाण्याने भरलेली पाठपिशवी यांसह, पेडलवर उभे राहून मोजावा. पुढचा फोर्क जास्तीत जास्त 150 मिलिमीटर दबणारा असेल तर 20 टक्क्यांच्या हिशेबाने तो 30 मिलिमीटर दबावा; मागच्या शॉकचा दांडा 60 मिलिमीटर सरकत असेल तर 30 टक्के म्हणजे 18 मिलिमीटर. शॉक पंपाने एकदम सगळी हवा भरू नये. थोडी भरावी, शॉक चारपाच वेळा सावकाश दाबून आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब सारखा होऊ द्यावा, मग पुढची भरावी. असे न केल्यास पंपावरचा आकडा बरोबर दिसतो आणि सॅग चुकतो. रिबाउंड, म्हणजे दबलेले सस्पेन्शन परत उसळण्याचा वेग, नेहमी सॅगनंतर लावावा, कारण हवेचा दाब बदलला की तो पुन्हा लावावाच लागतो. रुंद ट्यूबलेस टायरला 22 ते 28 पीएसआय ही सुरुवातीची कक्षा ठीक आहे. मागचा टायर पुढच्यापेक्षा थोडा कडक ठेवावा.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी आपल्याहूनही कडक आहे. नवे पॅड आणि नव्या डिस्क यांची ओळख व्हायची असते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी पंचवीस-तीसचा वेग घेऊन, चाक न अडकवता, चालण्याच्या वेगापर्यंत दाबत आणायचे, आणि हे प्रत्येक ब्रेकसाठी निदान वीस-तीस वेळा करायचे. इतक्या जड सायकलीचा पहिलाच उतार न रुळलेल्या पॅडवर उतरणे हा मला उरलेल्या सगळ्या चुकांपेक्षा मोठा धोका वाटतो. हा फेरफटका मारतानाच सर्वांत खालच्या मोडमध्ये मोटरही पारखून होते. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर स्पोकचा ताण आणि सगळे बोल्ट टॉर्क-पान्याने तपासावेत, हे आपणही लिहिलेच आहे.

सॉफ्टवेअर वेगळे आणि सायकल वेगळी ही आपली विभागणी टिकत नाही, याचे एक साधे उदाहरण देते. मोटरला वेग कळतो तो चाकाच्या फेऱ्या आणि नोंदवलेला चाकाचा परीघ यांवरून. मूळ टायरच्या जागी बारीक टायर बसवला आणि परीघ जुनाच ठेवला, तर डिस्प्ले खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो आणि मदत 25 च्या आधीच तुटते. टायर बदलणे हे मेकॅनिकचे काम खरे, पण ते पुरे होते ॲपमधला परीघ दुरुस्त केल्यावर.

आता आपला प्रश्न : भाचा जर्मनीतून परतताना स्वतःची वापरलेली इलेक्ट्रिक माउंटन बाइक पुण्याला आणतो म्हणतो, ती घ्यावी का? माझे उत्तर नाही असे आहे. प्रवासी विमानात 100 वॉट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी नेता येते, 160 पर्यंतची विमान कंपनीच्या परवानगीने. या सायकलींच्या बॅटऱ्या 600 ते 800 वॉट-तासांच्या असतात. मालवाहतुकीनेही ती धोकादायक माल म्हणूनच पाठवावी लागते. सायकल एकटी आणून बॅटरी इथे घेऊ म्हटले, तर बॉशच्या मोटरला त्याच प्रणालीची बॅटरी लागते. दुसऱ्या कंपनीची चालत नाही. शिवाय ती सायकल ॲपमधल्या भाच्याच्या खात्याला जोडलेली असेल आणि ॲपमधला लॉक चालू राहिला असेल, तर मोटर आपल्या फोनला दाद देणार नाही. एवढे सगळे जमले तरी पुढेमागे बिघाड झाल्यावर विक्रेत्याचे निदानाचे साधन लागते, आणि ते जवळ कुणाकडे आहे याची खात्री आधी करून घ्यावी लागेल. भाच्याने ती खात्यातून काढून तिथेच विकावी. ज्या कंपनीची मोटर पुण्यात उघडून दुरुस्त होते अशी सायकल आपण इथेच पाहावी, मग ती 60 न्यूटन-मीटरची का असेना.